दोनशे ओळींची मेथड फोडताना

समजा, ऐरोलीतल्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल काढणारी मेथड (प्रोग्राममधला नाव दिलेला कोडचा तुकडा) आहे: सेवा शुल्क, पार्किंग, थकबाकीवरचं व्याज, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्क, शेवटी पीडीएफ. सगळं एकाच जागी, दोनशे ओळींत. तिच्या छोट्या मेथड करायच्या आहेत.

आधी कोडला हात लावू नका. थकबाकीवाला, भाडेकरू असलेला, दोन पार्किंगवाला असे पाच-सहा फ्लॅट निवडून आजची बिलं टेस्टमध्ये (कोडचं उत्तर आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये) पक्की करा. एखादा आकडा चुकीचा वाटला तरी तसाच ठेवा. दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीत.

मग कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, शोधा. ‘// बिनभोगवटा शुल्क’ असं लिहिलंय, तिथेच नवी मेथड दडलीय. तेवढ्या ओळी निवडून इंटेलिजे या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एम दाबा, त्यांची वेगळी मेथड होते. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, त्यामुळे मेथडला फ्लॅट आणि सेवा शुल्क एवढंच पुरतं. टेस्ट चालवा, कमिट करा, पुढचा तुकडा घ्या.

अडतं कुठे? तुकडा ‘एकूण’ आणि ‘व्याज’ दोन्ही बदलत असेल, तर एका मेथडमधून दोन उत्तरं परत द्यावी लागतात. व्याजाचा हिशेब आधी सलग ओळींत आणा, बेरीज मूळ मेथडमध्येच राहू द्या. मधेच ‘रिटर्न’ (मेथड तिथेच संपवणारी ओळ) असेल तर तो अटीसकट वर घ्या, पण कोडमध्ये त्याच्या आधीच्या ओळींत कुठे डेटाबेसमध्ये लिहिलं जात नाही ना, ते बघा. राउंडिंगची जागा हलवलीत तर रुपयाचा फरक पडतो आणि सोसायटीत रुपयावरूनही सभा रंगते!

‘प्रोसेसडेटा२’ असलं नाव सुचत असेल, तर तुकडा चुकीच्या जागी कापलाय. तीन ओळींच्या सरळ बेरजेला मात्र वेगळी मेथड नको.