कन्सोलची स्टोरेज वाढवायचीय? खिशाला किती कात्री लागेल ते आधी मोजा

नवा गेम डाउनलोडला लावला आणि स्क्रीनवर जागा कमी असल्याचा मेसेज आला की पहिल्यांदा आपण एखादा गेम उडवतो, दुसऱ्यांदा चिडचिड करत उडवतो, आणि तिसऱ्यांदा सरळ फोन उघडून एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान ड्राइव्ह) शोधायला लागतो. पैसे वाया जातात ते इथेच. कारण आपण बघतो फक्त टीबीचा (१ टीबी म्हणजे साधारण १००० जीबी) आकडा, पण त्या टीबीवरून गेम खेळता येणार आहे की तो नुसता ठेवता येणार आहे हे बघतच नाही. आणि किमतीतला सगळा फरक त्यातच आहे.

आधी आपल्याकडे खरी जागा किती ते बघू. पहिल्या पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर, ८२५ जीबी लिहिलेलं असायचं, पण सिस्टिमचा वाटा गेल्यावर गेमसाठी हातात यायचे साधारण ६६७. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या १ टीबीतले ८०२ जीबी मिळतात, आणि सिरीज एसच्या ५१२ मधले फक्त ३६४. म्हणजे सिरीज एस स्वस्त पडतो खरा, पण १०० जीबीचे तीन गेम टाकले की संपला विषय. २०२३ मध्ये पीएस५ स्लिम १ टीबी घेऊन आला, त्याच वर्षी सिरीज एसही १ टीबीत आला, आणि २०२४ च्या पीएस५ प्रो मध्ये २ टीबी आहे. कन्सोल अजून घ्यायचाच असेल तर जास्त स्टोरेजवाल्या मॉडेलला किती जास्त मोजावे लागतात आणि तेवढीच जागा नंतर वाढवायला किती लागतील, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. दोन मिनिटांचं काम आहे पण करत कोणी नाही.

अजून एक गैरसमज, गेमची डिस्क घेतली की जागा वाचते. पीएस५ आणि एक्सबॉक्सवर अजिबात नाही वाचत, गेम आत पूर्ण इन्स्टॉल होतोच, डिस्क नंतर फक्त मालकीचा पुरावा म्हणून आत घालायची.

खर्च करण्याआधी फुकटातलं काम. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम साइजप्रमाणे लावा आणि वरचे चार बघा, त्यातला एखादा तरी सहा महिने उघडलेला नसतो (माझ्याकडे तर एक असा होता की जो मी कधी सुरूच केला नव्हता). गेम उडवला म्हणून सेव्ह, म्हणजे तुम्ही कुठवर खेळलात त्याची नोंद, जात नाही, ती वेगळी असते, फक्त उडवताना सेव्ह डेटासुद्धा काढू का असं विचारलं तर नाही म्हणा. काही मोठ्या गेममध्ये स्टोरी आणि मल्टिप्लेअर वेगवेगळे काढता येतात. कॉल ऑफ ड्यूटीचा एक भाग तर एकेकाळी २०० जीबीच्या वर गेला होता, त्यातली संपवलेली स्टोरी काढली तरी बरीच जागा सुटते.

एवढं करूनही पुरत नसेल तर मग खरेदी. आता घरातला माळा आणि ओटा डोळ्यासमोर आणा. ओट्यावरचं हाताशी असतं, माळ्यावरचं खाली काढल्याशिवाय वापरता येत नाही. यूएसबीला लावलेली बाहेरची ड्राइव्ह म्हणजे माळा. पीएस५ चे गेम तिच्यावर ठेवता येतात पण तिथून चालत नाहीत, खेळायच्या आधी आत कॉपी करावे लागतात, एक्सबॉक्सवरही सिरीज एक्स आणि एससाठी बनवलेल्या गेमचं हेच. जुने गेम मात्र, म्हणजे पीएस४ चे, किंवा एक्सबॉक्स वन, ३६० आणि त्याच्याही आधीचे, यूएसबीवरून थेट चालतात. म्हणून पहिला प्रश्न हा, की तुम्ही खेळता काय? निम्मी लायब्ररी पीएस४ ची असेल तर ते गेम साध्या ड्राइव्हवर हलवा, आतली जागा आपोआप मोकळी होते आणि महागडी एसएसडी कदाचित लागतही नाही.

माळ्यावर ठेवायचं आणि हवं तेव्हा खाली काढायचं हे सोयीचं आहे का, तर गणित करून बघू. १०० जीबीचा गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने आत यायला १७ मिनिटं लागतात. यूएसबीची एसएसडी ४०० एमबीने देत असेल तर चार-साडेचार मिनिटं. आणि तोच गेम ५० एमबीपीएसच्या (हे मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण ६ एमबीच) नेटवरून परत उतरवायचा तर साडेचार तास. म्हणजे नेट एकदम फास्ट आणि अनलिमिटेड असेल तर माळाही नको, उडवा आणि परत उतरवा, खर्च शून्य. नेट हळू असेल किंवा डेटाची मर्यादा असेल तर हार्ड डिस्कसारखा स्वस्त उपाय नाही. आणि घ्यायचीच तर निव्वळ साठवणीसाठी हार्ड डिस्कच घ्या, त्यासाठी यूएसबीची एसएसडी घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. पीएस५ ला २५० जीबी ते ८ टीबीपर्यंतची चालते, एका वेळी एकच, आणि मध्ये यूएसबी हब न घालता थेट कन्सोलला लावा.

आता ओटा वाढवायचा, म्हणजे जिथून नवे गेम चालतील अशी जागा. इथे सोनी, एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिन्ही कंपन्यांचे रस्ते वेगळे आहेत आणि खर्चही.

पीएस५ चा रस्ता सगळ्यात मोकळा. आत एम.२ चा (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा) एक रिकामा स्लॉट आहे, तो सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून सगळ्यांसाठी उघडला, तेव्हा ४ टीबीपर्यंतच चालायचं आणि २०२३ पासून ८ टीबीपर्यंत चालतं. कुठल्याही कंपनीची एसएसडी घाला, अट एवढीच की ती एनव्हीएमई प्रकारची, पीसीआयई जेन ४ ची (या वेगवान जोडणीच्या चौथ्या पिढीची) हवी आणि रीड स्पीड सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त असावा अशी सोनीची शिफारस आहे. जेन ३ चालत नाही, आणि एम.२ च्याच आकाराची साटावाली (जुन्या, हळू जोडणीची) येते ती तर मुळीच नाही. दिसायला सारख्या असतात आणि साटा थोडी स्वस्त असते म्हणून लोक फसतात. याउलट जेन ५ बसते आणि चालतेही पण कन्सोल तिला जेन ४ च्याच वेगाने पळवतो, वरचे पैसे पाण्यात. तसंच पीएस५ होस्ट मेमरी बफर (ड्राइव्हला कन्सोलची मेमरी उसनी देण्याची सोय) वापरत नाही, म्हणून स्वतःची डीरॅम, म्हणजे कामापुरती वेगवान मेमरी, असलेली ड्राइव्ह थोड्याच फरकात मिळत असेल तर ती घ्या, फरक मोठा असेल तर त्यासाठी जीव टाकू नका, गेम लोड होताना फार जाणवत नाही.

हीटसिंक (ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवाच, तसं सोनीनेच सांगितलंय. आणि इथे मी माती खाल्ली होती. एसएसडी नुसती घेतली आणि हीटसिंक वेगळा मागवला, चांगला दणकट, उभ्या पात्यांचा. बसवला, स्लॉटचं झाकण ठेवलं तर ते एका कोपऱ्यात तरंगतंय. दाबलं तरी स्क्रू लागेना. मग पट्टी आणून मोजलं. बोर्डच्या वर ८ मिमीपर्यंतच जागा असते, खाली २.४५, रुंदी २५ पर्यंत, आणि माझं प्रकरण एकटं वरच १० च्या पुढे. खोक्यावर उंची छापलेली होती, मीच वाचली नव्हती. शेवटी ते काढून चपटा घेतला, म्हणजे हीटसिंकचे पैसे दोनदा. त्यापेक्षा कंपनीनेच हीटसिंक चिकटवून दिलेली, पीएस५ ला बसते असं स्पष्ट लिहिलेली ड्राइव्ह थोडी महाग पडली तरी घ्या.

बसवणं अवघड नाही. आधी कन्सोल अपडेट करा, मग पूर्ण बंद करा, रेस्ट मोड नाही, पूर्ण बंद, सगळ्या वायरी काढा आणि थंड होऊ द्या. बाहेरचा पॅनल स्क्रूशिवाय निघतो, कुठला काढायचा आणि कुठून उचलायचा हे मॉडेलप्रमाणे बदलतं म्हणून आपल्या मॉडेलचं चित्र बघूनच हात घाला, जोर लावायची वेळ आली म्हणजे चुकीच्या कोपऱ्याला धरलंय. आत धातूचं लांबट झाकण दिसेल, त्याचा स्क्रू छोट्या फुली स्क्रूड्रायव्हरने काढा आणि वाटीत ठेवा (गादीवर बसून हे काम करू नका, का ते विचारू नका). आत अजून एक स्क्रू आणि त्याखाली बारीक गोल स्पेसर असतो, तो आपल्या ड्राइव्हच्या लांबीच्या खुणेवर सरकवायचा, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ड्राइव्ह २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) असतात म्हणजे ८० ची खूण. मग ड्राइव्ह खाचेला खाच जुळवून तिरकी आत सरकवा, आडवी दाबा, स्क्रू लावा. हीटसिंक वेगळा लावलेला असेल तर थर्मल पॅडवरची (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्टीवरची) पारदर्शक फिल्म सोललीय ना ते बघा, ती तशीच राहिली तर पॅड चिपला नीट टेकतच नाही. चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला सांगतो आणि नंतर रीड स्पीड दाखवतो. आकडा ५,५०० च्या थोडा खाली आला म्हणून लगेच परत पाठवायला धावू नका, आधी एखादा मोठा गेम तिच्यावरून खेळून बघा.

एक्सबॉक्सवर हे काहीच करावं लागत नाही. मागच्या स्लॉटमध्ये कार्ड घुसवलं की दहा सेकंदात काम झालं, पण त्या दहा सेकंदांचे पैसे घेतात, कारण साधी एम.२ तिथे चालत नाही, त्यांचंच खास एक्स्पान्शन कार्ड लागतं. २०२० मध्ये सीगेटचं १ टीबीचं कार्ड अमेरिकेत २२० डॉलरला आलं, आणि बराच काळ दुसरा पर्यायच नव्हता. २०२१ च्या शेवटी ५१२ जीबीचं १४० ला आणि २ टीबीचं ४०० ला आलं. जीबीमागे काढलं तर ५१२ वालं साधारण २७ सेंट, १ टीबी २२ आणि २ टीबी २०. सगळ्यात छोटं कार्ड खिशाला हलकं दिसतं पण जीबीमागे सगळ्यात महाग तेच. मग २०२३ मध्ये वेस्टर्न डिजिटलचं सी५० आलं, १ टीबी १५० डॉलरला, म्हणजे एक स्पर्धक आल्याबरोबर २२ चे १५ सेंट झाले. म्हणून एक्सबॉक्सवाल्यांनो, दोन्ही कंपन्यांचे भाव बघितल्याशिवाय कार्ड घेऊ नका, वेगात फरक शोधत बसू नका, आणि ५१२ वालं शक्यतो टाळा.

निन्टेन्डोचं उलटं झालं. जुन्या स्विचमध्ये आत ३२ जीबी, त्याच्या ओएलईडी स्क्रीनच्या मॉडेलमध्ये ६४, पण कुठलंही साधं मायक्रोएसडी चालायचं, त्यामुळे जागा वाढवणं सगळ्यात स्वस्त तिथेच होतं. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, आत २५६ जीबी दिले, पण कार्ड मात्र मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. जुनं कार्ड घातलं तर त्यावरचे जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे काढून घेता येतात, गेम नाही. कारण सरळ आहे, साधं कार्ड सेकंदाला १०० एमबीच्या आसपास अडकतं, एक्सप्रेस आतून एसएसडीसारखंच पीसीआयईवर चालतं आणि ८०० च्या घरात जातं. सॅमसंगचं २५६ जीबीचं एक्सप्रेस कार्ड तेव्हा ६० डॉलरला आलं, म्हणजे जीबीमागे २३ सेंट, एक्सबॉक्सच्या पहिल्या कार्डापेक्षाही महाग! दुकानात "स्विचसाठी" लिहिलेलं कार्ड दिसलं की लगेच उचलू नका, कार्डावर ईएक्स (EX) अक्षरं छापलेली आहेत का ते बघा. आणि स्विच २ च्या काही गेमच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) गेम नसतोच, नुसती चावी असते, गेम डाउनलोड करावा लागतो, त्यांना गेम-की कार्ड म्हणतात आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. गेम काडतुसात आहे म्हणून जागा लागणार नाही असा हिशेब धरून बसाल तर पंचाईत.

थांबायचं की आत्ता घ्यायचं? हे भाव फ्लॅश मेमरीच्या (एसएसडी आणि कार्डांच्या आतल्या चिपच्या) बाजाराबरोबर हलतात. २०२३ च्या मध्यात माल जास्त झाला आणि एसएसडी कमालीच्या स्वस्त झाल्या, २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव परत चढले. सेलमध्ये मिळेल म्हणून थांबणं ठीक, पण जागाच नाही म्हणून चार महिने तुम्ही गेमच खेळणार नसाल तर त्या थांबण्याला काही अर्थ नाही. तुलना करताना किंमतीत हीटसिंक धरा, आणि भागाकार करा तो जिथून तुमचे गेम खरंच चालतील त्या जीबीने.

फारच स्वस्त दिसलं तर सावध राहा. १६ टीबीची बोटाएवढी एसएसडी चिल्लर पैशात मिळत असेल तर ती खोटी आहे, विचार करायचीही गरज नाही. आत छोटी चिप असते आणि ती कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगते, जागा भरली की जुन्या फाइलींवरच लिहायला लागते. मायक्रोएसडीतही हा प्रकार चालतो. कार्ड किंवा बाहेरची ड्राइव्ह आली की कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री असं तपासणीचं सॉफ्टवेअर लावा, ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतात, वेळ लागतो, रात्री लावून झोपा. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.

आणि सगळं बसवून झालं की सेटिंगमध्ये स्टोरेजखाली इन्स्टॉलेशन लोकेशन असतं, ते नव्या ड्राइव्हवर करा. नाहीतर नवी २ टीबी रिकामी पडून राहते आणि पुढचा गेम उतरवताना जागा कमीचा तोच मेसेज परत समोर येतो.