सिलिंडर दहा दिवस जास्त कसा पुरवला

आमचा १४.२ किलोचा सिलिंडर पूर्वी महिन्यात संपायचा, आता चाळीस दिवस जातो. तूरडाळ अर्धा तास आधी भिजवा. राजमा, छोले रात्रीच. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे, म्हणजे एकाच आचेत तिन्ही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेवर डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ उडते. हे सासूबाईंना पटवायला मला दोन वर्षं लागली! ज्योत पिवळी दिसली, भांड्यांची बुडं काळी पडली, तर बर्नर गार करून भोकं टाचणीने साफ करा.

विजेत खरा खादाड गीझर. दोन हजार वॅटचा अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. आमच्याकडे अंघोळी एकापाठोपाठ उरकतात आणि शेवटचा माणूस बटण बंद करतो (शेवटचे नेहमी आमचे हे, म्हणून दारावर चिठ्ठी लावली आहे).

जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) तिशीच्या आसपास. रोज दहा तास फिरला तर महिन्याला तेराएक युनिटं वाचतात. आधी हॉलमधला बदला, तोच जास्त फिरतो.