टाकीत दाब कोंडतोय? झाकण बदलण्याआधीची तयारी

उन्हात उभ्या दुचाकीच्या पेट्रोल टाकीला किल्ली लावली आणि ‘फुस्स’ झालं, की संशय थेट झाकणावर जातो. कधी कधी दोषी तेच असतं. पण नवं झाकण आणण्याआधी हवा बाहेर येतेय की आत जातेय हे बघा, कारण आवाज दोन्हीचा सारखाच. झाकणाच्या कडेशी टिश्यूची पट्टी धरून हळूच उघडा. पट्टी उडाली तर आत दाब आहे, ओढली गेली तर टाकीला आत घ्यायला हवा मिळत नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर आचके देऊन बंद पडणारी आणि झाकण उघडताच सुरू होणारी गाडी या दुसऱ्या प्रकारातली. इथून पुढचं पहिल्या प्रकाराबद्दल.

तपासणीच्या दिवशी टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली नको. पेट्रोल दर १० अंश सेल्सिअसला साधारण एक टक्का फुगतं. म्हणजे १३ लिटरची टाकी पहाटे काठोकाठ भरली आणि दुपारपर्यंत पेट्रोल २० अंशांनी तापलं, तर पाव लिटर जादा पेट्रोलला जागाच उरत नाही. तक्रार फक्त फुल टाकीनंतर येत असेल तर बिघाड शोधण्याआधी पंपावर गळ्यापर्यंत भरून घेणं थांबवा.

टाकी उन्हाने तापलेली हवी, इंजिन मात्र गार. जागा उघड्यावरची निवडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, म्हणून बेसमेंटचं पार्किंग किंवा इन्व्हर्टरजवळचा कोपरा बाद. बॅटरीची निगेटिव्ह वायर झाकण उघडण्याआधीच काढा, नंतर काढताना ठिणगी पडू शकते. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी असू द्या.

सामान फार नाही. जाड सुती कापड, नाकाडी पक्कड, मल्टिमीटर, मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज, पाइपांवर खुणा करायला टेप, आणि गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी अडीच मीटर. पेट्रोलच्या पाइपात तोंडाने फुंकर मारू नका, सिरिंज त्यासाठीच आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. तो दाब व्हॉल्व्हला सोसत नाही, टाकीच्या सांध्यालाही नाही.

आता तुमची टाकी श्वास कुठून घेते ते शोधा. बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत वाट झाकणातच असते. टाकीवरच्या रेक्झिनच्या कव्हरने ते भोक बुजलंय का, आधी ते पाहा. काही टाक्यांखाली दोन बारीक पाइप दिसतील: एक तोंडाशी साचलेलं पावसाचं पाणी काढतो, दुसरा ब्रीदर, म्हणजे टाकीच्या हवेची ये-जा होते तो. टाकी उतरवून बसवताना ब्रीदर फ्रेमखाली चेपतो, किंवा उभ्या गाडीत कुंभारीण माशी त्याच्या टोकाला मातीचं बूच बसवते.

२०१७ च्या बीएस-४ पासून बऱ्याच गाड्यांत आणि २०२० च्या बीएस-६ नंतर जवळपास सगळ्यांत वाफ कोळशाच्या कॅनिस्टरकडे, म्हणजे ती शोषून धरणाऱ्या डब्याकडे जाते. अशा गाडीच्या झाकणातून हवा बाहेर येत नसेल तर तो बहुधा बिघाड नसतो, रचनाच तशी असते. थोडंसं फुस्स होणंही चालतं. या झाकणाला ड्रिलने भोक पाडणारे मेकॅनिक भेटतील. गाडी त्यांच्याकडून परत घ्या.

खरी परीक्षा नळीची. ती इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून टाकीच्या पातळीखाली बांधा आणि दोन्ही भुजांत वीसेक सेंटिमीटर पाणी भरा. टाकीकडून येणारा पाइप कॅनिस्टरवरून काढून तिला जोडा. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोल कॉक बंद. गाडी सरळ, मधल्या स्टँडवर. ऊन चढेल तसं पाणी सरकू लागेल. दोन भुजांतला १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे अंदाजे एक किलोपास्कल. पाणी सरकलं तर टाकीपासून इथपर्यंतची वाट मोकळी आहे आणि अडथळा पुढे, म्हणजे कॅनिस्टरमध्ये किंवा त्याच्या हवेच्या तोंडाशी आहे. पाणी जागचं हललं नाही, तरी झाकण उघडताच जोरात फुस्स झालं, तर मधला पाइप किंवा गाडी आडवी पडल्यावर वाट बंद करणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह अडकलाय. तो काढून उभा धरल्यावर सिरिंजची हवा जायला हवी, उलटा धरल्यावर थांबायला हवी. सावली येण्याआधी नळी सोडवा. टाकी गार होताना पाणी आत ओढते आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते पाणी इथेनॉल घेऊन तळाशी बसतं.

कॅनिस्टरमधून द्रव पेट्रोल टपकलं तर कोळसा भिजलाय, तो बदलावाच लागतो. पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टरमधली वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह, करंट नसताना बंद असतो. १२ व्होल्ट दिल्यावर ‘टिक’ करून हवा सोडतो. ही चाचणी तो गाडीवरून काढून, पेट्रोलपासून लांब करा.

कार्ब्युरेटर असेल तर ऑइलही पाहा. टाकीतला दाब फ्लोटच्या निडलला, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईला, ढकलतो, ओव्हरफ्लो पाइप गळतो आणि कधी पेट्रोल इंजिनात उतरतं. लेव्हल वाढलेली असेल, ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर बदलल्याशिवाय स्टार्ट करू नका. फ्युएल इंजेक्शनमध्ये पंप साधारण तीन बारने पेट्रोल देतो, त्यामुळे टाकीतला थोडा दाब चालण्यात जाणवत नाही, फक्त वास येतो.

बदली पाइप पेट्रोलसाठीचाच घ्या. माशांच्या टाकीचा पारदर्शक पाइप काही महिन्यांत कडक होऊन क्लिपपाशी तडकतो.