धावपट्टी सोडून बाकी सगळं: विमानतळाच्या कागदांतल्या या चुका टाळा

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला कळलं की मी विमानतळांच्या आसपासच्या मोजणीची कामं करतो, की जिलेबी वाढायच्या आधी प्रश्न येतो: "आपल्याकडं धावपट्टी तर आहेच की, मग विमान का येत नाही?" आता मी उलट विचारतो, "धावपट्टीच्या टोकाला उभं राहून समोर काय दिसतं, ते कधी बघितलंय?" बहुतेकांनी बघितलेलं नसतं. लोकांना डांबर दिसतं. परवाना देणारा डांबरावर फार वेळ घालवत नाही, तो आजूबाजूचं आणि वरचं बघतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

उद्घाटनाला परवाना समजू नका

सिंधुदुर्गातल्या चिपीला २०१८च्या गणपतीत चाचणीचं विमान उतरलं. २०१९च्या मार्चमध्ये उद्घाटन झालं. प्रवासी विमान आलं ९ ऑक्टोबर २०२१ला, तेव्हा पुन्हा एकदा उद्घाटन झालं. सोलापुरात तर धावपट्टी जुनी होती, पण सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटरची चिमणी उतरण्याच्या वाटेत. त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, मोर्चे झाले आणि १५ जून २०२३ला ती पाडली. उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ला, आणि गोव्याचं विमान उडालं ९ जून २०२५ला. चिमणी पाडायला काही सेकंद लागले, बाकीची वर्षं कागदांनी खाल्ली. त्यामुळं उद्घाटनाची तारीख आधी ठरवून परवान्याच्या मागं लागणाऱ्यांना मी फोनवरच नमस्कार करतो.

परवाना मागायला मंत्रालयात जाणारेही असतात. विमानतळ हा विषय राज्यघटनेच्या केंद्रसूचीत २९व्या क्रमांकाला आहे. परवाना देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. सुरक्षेची मंजुरी देतं नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस. दोन्ही दिल्लीत. शिर्डी आणि अमरावतीचे विमानतळ राज्य सरकारच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचे आहेत, पण तिलाही परवान्यासाठी डीजीसीएकडंच जावं लागतं. १९३४चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी ही वाटणी तशीच आहे. राज्याच्या हातात जमीन, रस्ता, पाणी, पोलीस, अग्निशमन आणि पैसा. हे काही थोडं नाही, पण तो परवाना नव्हे.

उंचीचा आकडा: माझी लाडकी चूक

विमानतळाजवळ इमारत, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी किंवा चिमणी उभारायची तर २०१५च्या उंची निर्बंध नियमांनुसार एनओसी लागते. नागरी विमानतळ असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून. पुण्यात लोहगावला मात्र हवाई दल, गोव्यात दाबोळीला नौदल. (पुण्याची फाइल प्राधिकरणाकडं पाठवून दोन महिने वाट बघत बसलेला माणूस मला ठाऊक आहे. तो आर्किटेक्ट होता.)

एनओसीत उंची दिलेली असते ती समुद्रसपाटीपासून. हे वाक्य मी माझ्या माणसांना फळ्यावर लिहायला लावतो. एनओसीत ६१८ मीटर लिहिलंय आणि तुमच्या प्लॉटची जमीन ५८४ मीटरवर आहे, तर तुम्हाला मिळाले ३४ मीटर. त्यातच जिन्याची टोपी, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजरोधक सळई आणि गच्चीवर नंतर येणारा टॉवरही. टाकी मोजायची नसते, ही समजूत कुठून आली हे मला अजून कळलेलं नाही.

पण खरी गंमत जमिनीच्या उंचीत होते. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी एक बिल्डर माझ्याकडं आला. एनओसी हातात, चेहरा पडलेला. तीन आठवड्यांत एनओसी आली म्हणून त्यानं ऑफिसात पेढे वाटले होते. बँकेच्या इंजिनिअरनं कागद वाचला आणि विचारलं, "ही इमारत जमिनीखाली बांधणार का?" मी वाचलं. मंजूर माथा ५५५ मीटर. त्या भागातली जमीनच ५८४ मीटरच्या आसपास. म्हणजे सरकारनं त्याला जमिनीखाली २९ मीटरपर्यंत बांधायची परवानगी दिली होती.

झालं असं होतं. नव्या सर्व्हेअरनं जीपीएसचं यंत्र प्लॉटवर ठेवलं आणि पडद्यावर आलेला ५१७चा आकडा जसाच्या तसा अर्जात टाकला. तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा नव्हताच. उपग्रहाचं यंत्र पृथ्वीचा एक गणिती गुळगुळीत गोळा धरतं आणि त्याच्यापासून उंची सांगतं. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोळ्याच्या बरीच खाली आहे, त्यामुळं यंत्राचा कच्चा आकडा साठ-सत्तर मीटरनं कमी येतो. पोरानं ५१७मध्ये इमारतीचे ३८ मिळवले आणि ५५५ मागितले. प्राधिकरण तुम्ही मागितलेल्यापेक्षा जास्त देत नाही, मागितलं तेवढं दिलं. त्यांची काहीच चूक नव्हती. नवा अर्ज, नवी मोजणी, नवं शपथपत्र, पावसाळा वाया. त्या सर्व्हेअरनं मला विचारलं, "सर, यंत्र तर मिलिमीटरपर्यंत अचूक आहे ना?" आहे रे बाबा, पण कशापासून मोजतंय ते कोण बघणार?

यावर माझा उपाय कुठल्या पुस्तकातला नाही. कुठल्याही गावात काम घेतलं की आधी रेल्वे स्टेशनवर जातो, चहा घेतो आणि पिवळ्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची वहीत लिहितो. नंतर सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क, म्हणजे उंची कोरलेली खूण, शोधून तिथून लेव्हल आणतो, तो भाग रीतसर. पण यंत्राचा आकडा आणि पाटीचा आकडा यांत साठ मीटरचा फरक दिसला की अर्ज भरायच्या आधीच चूक सापडते. पोरं हसतात. हसू देत.

अक्षांश-रेखांशाचीही तीच तऱ्हा. ७४.३० अंश म्हणजे ७४ अंश १८ मिनिटं. एकानं ते ७४ अंश ३० मिनिटं म्हणून भरलं आणि प्लॉट सुमारे २१ किलोमीटर पूर्वेला सरकला. तिथं उंचीचं बंधन जवळजवळ नव्हतंच, एनओसी भरघोस आली. अशी एनओसी कागदावर खरी दिसते, पण चुकीच्या माहितीवर घेतलेली म्हणून कधीही रद्द होते, आणि तोवर सातव्या मजल्याचा स्लॅब टाकून झालेला असतो.

विमानतळाभोवतीच्या उंचीच्या रंगीत नकाशात आपला प्लॉट हिरव्या-निळ्या पट्ट्यात दिसला की ठरावीक उंचीपर्यंत पालिकाच परवानगी देऊ शकते, दिल्ली-मुंबईला फाइल न्यायची गरज नसते. हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही, कारण "आठ दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला त्यांनी आधीच आगाऊ रक्कम दिलेली असते.

उडानचे पैसे टर्मिनलला मिळत नाहीत

नगरसेवकांच्या निवेदनात एक वाक्य हमखास असतं: "उडान योजनेतून निधी मिळवून विमानतळ उभारावा." उडान ही छोट्या शहरांना स्वस्त तिकिटात विमानानं जोडायची केंद्राची योजना. तिचा व्हीजीएफ, म्हणजे व्यवहार्यता तूट निधी, विमान कंपनीला जातो. स्वस्त तिकिटामुळं होणारी तूट भरून काढायला, तीही मार्ग सुरू झाल्यापासून तीन वर्षं. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातला २० टक्के वाटा राज्याचा, ८० टक्के केंद्राकडून. धावपट्ट्या दुरुस्त करायचा पैसा वेगळ्या खिशातला. २०१७मध्ये केंद्रानं ५० बंद किंवा कमी वापराच्या विमानतळांसाठी ४,५०० कोटी मंजूर केले होते, तोच हा खिसा.

राज्यानं द्यायचं ते वेगळंच: गरजेपुरती जमीन फुकट, सुरक्षा आणि अग्निशमन फुकट, वीज-पाणी सवलतीनं, आणि उडानच्या विमानतळांवर भरलेल्या इंधनावरचा व्हॅट दहा वर्षं एक टक्क्यापर्यंत. माझ्या अनुभवात गाडं अडतं ते अग्निशमनावर. बंब घेता येतो, पण पाळीनुसार प्रशिक्षित माणसं कोण देणार यावर पत्रव्यवहार सुरू होतो. निवेदन द्यायचंच असेल तर बंबावरच्या माणसांसाठी द्या. आणि उडानच्या विमानातली सगळी सीटं स्वस्त नसतात, साधारण निम्मीच.

थोडक्यात आणखी

दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ होऊच शकत नाही, ही अफवा आहे. २००८च्या धोरणात त्या अंतराच्या आत प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे तपासायचा असं आहे. गोव्यातला दुसरा विमानतळ मोपा आणि नवी मुंबई डोळ्यांसमोर असताना हा वाद अजून चालतो याचं नवल.

जमीन भाड्यानं मिळाली म्हणजे फ्लाइंग स्कूल सुरू झालं असं नाही. डीजीसीएची मान्यता येईपर्यंत प्रवेशाची जाहिरात छापू नका. पालकांचे पैसे परत करताना काय होतं ते मी पाहिलंय.

ड्रोनला २०२१च्या नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. उद्घाटनाचं चित्रीकरण करणाऱ्या फोटोग्राफरला हे कुणीतरी सांगा.

कचरा

हे कुणी चूक मानतच नाही. १९३७च्या विमान नियमांतला ९१वा नियम सांगतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत जनावरं कापणं, सोलणं, पक्षी येतील असा कचरा टाकणं बंद. नियमात गिधाडांचं नाव आहे. आता गिधाडं उरली नाहीत, घारी आहेत. एटीआरच्या, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाच्या, इंजिनात घार गेली तर काय होतं हे वैमानिकाला विचारा.

दहा किलोमीटर म्हणजे छोट्या गावात अख्खं गाव आलं. कचरा डेपो, मटणाच्या टपऱ्या, आठवड्याचा बाजार, सगळं. परवान्याच्या पाहणीच्या आधी एका ठिकाणी मी कुंपणावरून घारी मोजल्या: सकाळी आठला एकेचाळीस. खाली चिकनच्या सहा टपऱ्या आणि मागं उघडा नाला. पालिकेला पत्र गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, "कार्यवाही पूर्ण." बघायला गेलो तर सहाही टपऱ्या रस्त्याच्या या बाजूकडून त्या बाजूला गेल्या होत्या, नवीन पत्रे लावून. नाला तोच. मी पुन्हा मोजल्या. तेहतीस भरल्या, पण त्या दिवशी सोमवार होता, निम्म्या टपऱ्या बंद होत्या.