चोरलच्या मुक्कामाला मटण नेताना

इंदूरहून सिमरोल, भेरूघाट ओलांडून चोरलकडे रात्रीच्या मुक्कामाला जायचं ठरलं की बहुतेक मंडळी दाल-बाफल्यांचं (डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे) सामान बांधतात, आणि ते शहाणपणाचंही आहे, कारण डाळ उन्हात नासत नाही. मटण न्यायचं असेल तर मसाल्यापेक्षा बर्फाचा विचार आधी करा.

शिकारीबद्दल एकदाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणच नव्हे, ससा आणि तितरसुद्धा मारता येत नाही. गावात कुणी 'जंगलचा माल' देऊ केला तर तो जवळ बाळगणंही गुन्हाच. तेव्हा खाटकाकडचं बोकडाचं मटण न्यायचं.

बारा जणांना हाडासकट चार किलो पुरतं. ते निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी घ्या, आणि तुकडे करून घेऊ नका. दोन अख्ख्या रानी (मांड्या) घ्या, उरलेलं खांद्याचं मोठ्या तुकड्यांत. जंतू असतात ते बहुतेक वरच्या पृष्ठभागावर. जितके तुकडे जास्त, तितका पृष्ठभाग जास्त. खिमा म्हणूनच सगळ्यात आधी बिघडतो. तो नेऊच नका. कलेजी घरीच त्या दिवशी खाऊन टाका.

घरी आणल्यावर मटण धुऊ नका. ओलं मटण चिकट होतं. कोरड्या पंच्यानं टिपून, ताटात जाळीवर ठेवून, वरून मलमल टाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको. ताज्या कापलेल्या जनावराचे स्नायू ताठरण्याआधीच गोठले, तर वितळताना आखडतात, पाणी सोडतात, आणि मग तीन तास शिजवलं तरी चामड्यासारखं लागतं. हाडावर राहिलेला स्नायू तितका आखडत नाही, हाही अख्खी रान घेण्याचा फायदा. एक दिवस फ्रिजमध्ये गेला की ते आपोआप मऊ पडतं.

आता डबा. चार किलोला तीस लिटरचा आइसबॉक्स आणि सहा ते आठ किलो बर्फ. बर्फाचे चौकोनी खडे किंवा चुरा घेऊ नका, लवकर वितळतो. एक लिटरच्या सात-आठ बाटल्या नव्वद टक्के भरून (पाणी गोठताना फुगतं, काठोकाठ भरलेली फुटते) निघण्याच्या पूर्ण एक दिवस आधी फ्रीझरमध्ये टाका. डबाही रात्रभर थंड करा: दोन बाटल्या आत टाकून झाकण लावून ठेवायचा. गरम डब्यात बर्फ भरला तर काही बर्फ डबा थंड करण्यातच जातो. बांधताना तळाशी बाटल्या, त्यांवर स्टीलची जाळी, त्यावर जाड पिशवीत हवा काढून बांधलेलं मटण, बाजूला आणि वर पुन्हा बाटल्या. मोकळी जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा. पाणी-सरबताच्या बाटल्या दुसऱ्या डब्यात. दर दहा मिनिटांनी उघडलेलं झाकण हेच मटणाचं पहिलं मरण. डबा डिकीत नको, सीटसमोर पायाशी ठेवा.

आत टोचायचा थर्मामीटर असावा. पोहोचल्यावर बघा: आत ५ अंशांखाली असेल तर निश्चिंत. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्यानं वाढतात. बाहेर ३२च्या वर गरम असेल तर बर्फाबाहेर एक तास, एरवी दोन तास, त्याच्या पुढे नाही. वासावर भरवसा ठेवू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंना बहुतेकदा वास नसतो. 'हळद-मीठ लावलंय, काही होत नाही' हेही चुकीचं. दोन चमचे मिठानं मटण टिकत नाही, टिकवायला मीठ भरमसाठ लागतं आणि वर वाळवावंही लागतं. कच्ची पपई शिजवायच्या तासभर आधीच लावा. रात्रभर लावली तर लगदा होतो.

राखीव वनात आग पेटवायची नाही, १९२७च्या भारतीय वन कायद्याचा तो नियम आहे. परवानगी असलेल्या शेतावर किंवा मुक्कामाच्या जागी सिगडी लावा. मुक्कामाला साजेसा पदार्थ म्हणजे जंगली मांस (हे नुसतं नाव, मटण बोकडाचंच): किलोला दोनशे ग्रॅम तूप, बिया काढलेल्या दहा-बारा सुक्या लाल मिरच्या, मीठ. बस. तुपात मटण परता, मग मिरच्या, आणि पाणी एका वेळी अर्धीच वाटी, तेही गरम. मंद आचेवर दीड-दोन तास. कांदा-लसूण कापायची खटपट नाही, ही त्याची खरी खुबी. कच्च्या मटणाची सुरी आणि कापायची फळी कोशिंबिरीला वापरू नका, दोन वेगळ्या आणा.

बरेच लोक आजारी पडतात ते उरलेल्या मटणानं. मोठं पातेलं झाकून रात्रभर ठेवलं की मध्यभागी ते तासन् तास कोमट राहतं, आणि जंतूंनी सोडलेलं काही विष सकाळी उकळूनही जात नाही. दोन तासांच्या आत पसरट डब्यांत काढून उरलेल्या बर्फात ठेवा. बर्फ संपला असेल तर फेकून द्या. हाडंही तंबूजवळ टाकू नका. या भागात बिबट्या आहे, आणि तो आला नाही तरी कुत्री येतातच. जाड पिशवीत बांधून परत इंदूरला आणा.