बाईला वकील फुकट मिळतो, तो असा मागा

धाकट्या बहिणीच्या पोटगीच्या केससाठी आम्ही एका वकिलाला पाच हजार दिले. बचत गटातून काढलेले. पुढच्या तारखेला तो आलाच नाही. सरकारी खर्चाने वकील मिळतो हे तेव्हा आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

तालुका कोर्टात जा आणि ‘विधी सेवा समिती’ कुठे बसते ते विचारा. तिथे अर्ज द्यायचा, सोबत आधार कार्ड आणि केसचे असतील ते कागद. लिहिता येत नसेल तर तिथला माणूस लिहून घेतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतले यांना उत्पन्नाची अट नाही. तेव्हा बाईकडे उत्पन्नाचा दाखला मागितला, तर हे कलम नीट सांगा, घाबरू नका. कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्चही त्यातच येतो. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा.

केस दाखल झाली की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, वहीत लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते.

लोकअदालतीत तडजोड सुचवली तर घाई नको. मनाविरुद्ध सही करू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. बहिणीने एक रात्र मागून घेतली, मगच सही केली.