जुन्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय? अलाइनमेंट शेवटी करा

स्टिअरिंग थरथरायला लागलं की बरेच जण गाडी आधी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, नेतात. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथर सहसा तिच्यामुळे येत नाही.

थरथर कधी येते ते आधी बघा. ताशी ८० ते १०० किमीला सुरू होऊन पुढे कमी होत असेल, तर बॅलन्सिंग बिघडलंय, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही. ३०-४० लाच चाक डुलत असेल, तर रिम वाकलेली किंवा टायरच्या आतले पट्टे सुटलेले. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ब्रेकची डिस्क. जीपसारख्या अखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्या गाडीत खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरजोरात हलू लागलं आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबलंच नाही, तर कुठला तरी सांधा ढिला आहे. ती गाडी दुरुस्तीपर्यंत बाहेर काढू नका.

सुरुवात चाकापासून. टायर थंड असताना हवा तपासा. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असेल तर खरवडून काढा, तेवढ्यानेही बॅलन्स जातो. मळक्या रिमवर एखादा स्वच्छ चौकोन दिसला, तर तिथलं बॅलन्सिंगचं वजन गळून पडलंय. टायरवर तळहात फिरवून टेंगूळ आहे का बघा. मग पुढची चाकं मागे टाका: थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष चाकातच. चाक बसवताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशने साफ करा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. बऱ्याच कारना १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतं, पण आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या.

चाकं निर्दोष निघाली तर मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा: प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो सांधा). स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर) बसत असेल तर जॅक आर्मखाली लावा, नाहीतर झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. मग डावी-उजवी कड धरून हलवा आणि दुसऱ्याला टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यावर) बोट ठेवायला सांगा. डोळ्याला न दिसणारी टकटक बोटाला कळते. खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) पहारीने हलकेच रेटून बघा.

टाय रॉड एंड ढिला निघाला तर बदला; काढताना तो किती आटे फिरून सुटला ते मोजा, नवा तितकाच फिरवा. कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून घालतात ती) भोक जुळलं नाही तर नट सैल करू नका, थोडा आणखी आवळा. पिन नवीच घाला. अलाइनमेंटची पाळी यानंतर.

डिस्क ‘वाकली’ म्हणतात, पण बहुधा तिची जाडी कमी-जास्त झालेली असते. मायक्रोमीटरने सात-आठ जागी मोजा. कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या असतील तर नवी डिस्कही तशीच खराब होईल.

आणि जीपवाल्यांनो, नवा स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा भाग) टाकून थरथर थांबली, तर ती फक्त दबलीय. ढिला सांधा तिथेच आहे.